एकशे बारा माणसांचं कपाट

माझी आत्या रोज सकाळी आठला पाच कमी असताना कारखान्याच्या फाटकातून आत शिरते आणि सगळ्यात आधी हातातला फोन देऊन टाकते.

फाटकाला लागून पहारेकऱ्याची खोली आहे. तिथे भिंतीला टेकवून एक उंच लाकडी कपाट ठेवलंय. कधीकाळी ते कुठल्यातरी टपाल कचेरीत पत्रांची वाटणी करायला होतं. त्याला एकशे बारा चौकोनी खण आहेत, आणि कामगारही, योगायोगानं म्हणा की मालकाच्या काटकसरीनं म्हणा, एकशे बाराच. प्रत्येक खणावर रंगानं आकडा घातलेला. आत्याचा खण सदतीस. फोन मुका करायचा, उपडा ठेवायचा आणि आत जायचं. सगळे आले की पहारेकरी कपाटाचं जाळीचं दार ओढून कुलूप घालतो. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असतो की सगळे त्याला खुळखुळा म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा.

या नियमाबद्दल आत्या कधी कुरकुरत नाही. चार वर्षांपूर्वी एकीचा फोन पिंजलेल्या कापडाच्या ढिगात पडला, तापला, फुटला आणि मागची अर्धी शेड जळाली. माणसं वाचली. आत्याची डावी भुवई मात्र त्यानंतर अर्धीच उगवली. त्यामुळे फोन कपाटात, हे तिला पटलेलं आहे.

कारखाना जुन्या कपड्यांचा आहे. लोकांनी टाकलेले सदरे, चादरी, गणवेश, पडदे गठ्ठ्यांनी येतात. एका बाजूला बायका त्यांची बटणं, हूक आणि चेन कापून काढतात. मग ते कपडे पिंजणयंत्रात जातात आणि दुसऱ्या तोंडातून मऊ, राखाडी, कुणाचंच नसलेलं असं काहीतरी बाहेर येतं. गाद्या, उशा, गाड्यांच्या बैठका यांत ते भरतात. आत्याचं काम यंत्राच्या तोंडाशी. पिंजलेला माल चादरीत गोळा करायचा, गाठ मारायची, पाठीवर टाकायचा आणि दाबयंत्राकडे नेऊन ओतायचा. जाताना शेहेचाळीस पावलं, येताना शेहेचाळीस. अशा दिवसाला एकशे दहाच्या आसपास फेऱ्या. दाबयंत्राजवळ फळा आहे, त्यावर प्रत्येक गाठोड्याला खडूची एक रेघ पडते. सव्वीस वर्षं ती या रेघा ओढतेय.

यंत्र चालू असताना हवेत जे उडतं त्याला तिथल्या बायका पीठ म्हणतात. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे खाली उतरतात तेव्हा ते दिसतं, इतकं हळू खाली येणारं, की ते पडतंय की तरंगतंय हे सांगता येत नाही. सुटी होताना सगळ्यांचे केस पांढरे झालेले असतात. नव्या मुलींना जुन्या म्हणतात, "बघून घे गं, म्हातारपणी अशी दिसशील." आणि मग कुणीतरी खोकतं, आणि त्यावरही हसतात.

आतोबा त्याच यंत्रावर अठरा वर्षं होते. आता अठ्ठावन्नचे आहेत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या छत्र्या दुरुस्त करतात. आठवड्यातून एकदा जिना उतरतात. चढताना दर वळणावर थांबून भिंतीवरचा रंग कसा उडालाय याचं निरीक्षण करतात, म्हणजे निदान आम्हाला तसं सांगतात. शिक्षणाच्या निमित्तानं मी त्यांच्याकडे राहते, आणि त्या जिन्यावर त्यांच्या मागे उभं राहून मीही तो रंग पुष्कळ पाहिला आहे.

दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याकडून एक तरुण डॉक्टरीण गल्लीत आली. घरोघर फिरली. तिचं म्हणणं साधं होतं. माणसाचा फोन दिवसभर त्याच्याबरोबर असतो. किती चाललो, किती झोपलो, हे तो न विचारता टिपून ठेवतो. ही रोजची माहिती लोकांनी आपणहून दिली, तर आजार कुठे आणि का वाढतोय हे दवाखान्यात रांग लागायच्या आधी कळेल. "मोठमोठ्या पाहण्या तुमच्या गल्लीपर्यंत कधी येतच नाहीत," ती म्हणाली. "यात येतील. तुम्हाला काही करायचं नाही. दर रविवारी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि फोन जवळ ठेवायचा. बस."

आत्याला हे मनापासून पटलं. कोणीतरी आपल्याला मोजायला आलंय, याचंच तिला अप्रूप. तिनं फोनवरचं संमतीचं बटण दाबलं आणि कारखान्यातल्या शंभरेक जणांना दाबायला लावलं. दर रविवारी ती चष्मा लावून बसायची. "या आठवड्यात जिना चढताना दम लागला का?" हो. "खोकल्यामुळे झोपमोड झाली का?" हो. आतोबा चिडवायचे, "संशोधक बाई, चहा मिळेल का?"

"थांबा. मी देशाच्या कामात आहे."

यंदा पाहणीचे निष्कर्ष आले. आधी प्रत्येक घरात एक रंगीत पत्रक. त्यावर पांढऱ्याशुभ्र बुटांतली एक बाई हसत पळत होती, आणि खाली लिहिलं होतं: उठा, चाला, मोकळा श्वास घ्या. आतोबांनी ते दोनदा वाचलं.

"बसून राहतो म्हणून दम लागतो, असं म्हणतात हे," ते म्हणाले. "अरे बाबांनो, दम लागतो म्हणून बसलोय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

मग शाळेच्या सभागृहात बैठक झाली. पडद्यावर दोन खांब. उंच खांब शहराचा: माणशी दिवसाला सहा हजार पावलं. बुटका खांब आमच्या गल्लीचा: तेवीसशे. दम लागणाऱ्यांचं प्रमाण मात्र शहराच्या तिप्पट. डॉक्टरीण नीट, सावकाश बोलत होती. बैठं राहणीमान हे प्रमुख कारण दिसतं. खाडीकडच्या मोकळ्या जागेत चालण्याचा रस्ता करावा, व्यायामाचे वर्ग घ्यावेत, अशी शिफारस आहे. अहवाल अजून कच्चा आहे. हरकती आणि सूचना पंधरा दिवसांत द्याव्यात.

आत्या उभी राहिली. नुकती कामावरून आलेली, केसांत पीठ.

"ही पावलं कोणाची म्हणालात?"

"तुमचीच, मावशी. तुमच्या फोनमधून आलेली."

"मग ती फोनची झाली. माझा फोन दिवसभर बसलेला असतो. मी नाही."

सभागृहात हशा पिकला. डॉक्टरीण गोंधळली. तिच्या शेजारी तिचे वरिष्ठ बसले होते, केस पिकलेले, आवाज मवाळ. त्यांनी माइक ओढून घेतला. "मावशी, प्रत्येकालाच वाटतं आपण भरपूर चालतो. माझ्या बायकोलाही वाटतं. म्हणून तर यंत्राकडून मोजायचं. यंत्राला राग नाही, लोभ नाही."

"पायही नाहीत त्याला," आत्या म्हणाली.

पुन्हा हशा झाला, पण वरिष्ठांनी पुढचं चित्र लावलं होतं. घरी परतल्यावर जिना चढताना आत्या दुसऱ्या वळणावर थांबली, भिंतीला हात टेकून उभी राहिली, आणि मग म्हणाली, "आळशी म्हणाले गं आम्हाला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत बायकांनी ठरवलं की यातून बाहेर पडायचं. तिथे बटणं कापणारी एक आहे, आत्याची जुनी मैत्रीण. तिला बटणवालीच म्हणतात. ती म्हणाली, "सुटी झाली की फोन घ्यायचा, बोट दाबायचं, नाव काढून टाकायचं. त्यातच लिहिलंय, कधीही काढता येतं. आपली माहिती द्यायची आणि वर आपलीच बदनामी ऐकायची? उंटावरून शेळ्या हाकणारे मेले."

"काढायचं नाही," आत्या म्हणाली.

"का? तुला काय बक्षीस देणार आहेत?"

"आपण बाहेर पडलो तर तो बुटका खांब पडेल का? तो उभाच राहील. फक्त हे खोटं आहे असं सांगणारं कोणी त्यात उरणार नाही. मला नाव काढायचं नाही. मला ते दुरुस्त करून हवंय."

"तू आणि दुरुस्त करणार! शिकलेल्या माणसांचं!"

"आमच्या यांच्याकडे शिकलेल्यांच्याच छत्र्या येतात. मोडतातच की त्याही."

त्याच संध्याकाळी सुटी झाल्यावर ती बटणवालीकडची मोजपट्टी घेऊन पहारेकऱ्याच्या खोलीत शिरली आणि कपाट मोजायला लागली.

"अगं अक्के," खुळखुळा म्हणाला, "कपाटाला कोट शिवतेस की काय?"

"टोक धर. वर धर, तुझ्या डोक्याइतकं नको, त्याच्याही वर."

रुंदी चार फूट. उंची सहा फूट दोन इंच. खोली अकरा इंच.

हरकत मी लिहायला घेतली. पहिल्या तीन ओळी लिहिल्या, त्यातल्या अडीच तिनं खोडायला लावल्या. "वाईट वाटलं वगैरे नको. त्यांना माप पाहिजे ना, माप लिही." शेवटी जे उरलं ते असं: "आमच्या कारखान्यात आगीच्या भीतीनं फोन आत नेत नाहीत, आणि ते बरोबर आहे. सकाळी आठ ते साडेपाच सगळे फोन कपाटात असतात. कपाट चार फूट रुंद, सहा फूट दोन इंच उंच, अकरा इंच खोल. तुमच्या हिशेबानं एवढ्या जागेत आम्ही एकशे बारा माणसं साडेनऊ तास बसून होतो. कसे बसलो, ते कृपया येऊन पाहावं." खाली फळ्यावरच्या रेघांची सहा दिवसांची यादी, आणि शेहेचाळीस पावलांचा हिशेब.

चार दिवसांनी डॉक्टरीण आली. एकटीच. कारखान्यात शिरायला परवानगी मिळाली नाही, म्हणून फाटकाबाहेर थांबली. साडेपाचला घंटा झाली आणि तिनं फाटकाच्या जाळीतून पाहिलं: पांढरे केस झालेली माणसं रांगेनं येतायत, कुलूप उघडतंय, आणि एकेक हात खणात जाऊन उपडा फोन उचलतोय. एकदा, पुन्हा, पुन्हा. बघता बघता ती हातातल्या वहीची पानं मागेपुढे चाळून आकडे शोधायला लागली.

मी आत्याला न्यायला आले होते. समोरच्या चहाच्या टपरीवर आत्या, डॉक्टरीण आणि मी अशा तिघी बसलो.

"सगळे फोन रोज पाच बत्तीस ते पाच एक्केचाळीसच्या मध्ये हलतात," ती म्हणाली. "शंभर फोन. मला वाटलं होतं, या वेळेला लोक पेंगून उठतात."

"शंभर माणसं एकदम?"

"हो ना." ती कपाकडे बघत राहिली. "आणि रविवारी तुमच्या गल्लीची पावलं शहरापेक्षा जास्त आहेत. मी सात दिवसांची सरासरी काढली, वार वेगळे केलेच नाहीत. काम काय करता, हेही विचारलं नाही. प्रश्न जितके कमी तितके लोक जास्त येतील, असं ठरलं होतं."

"पण फोन कुठे होता हे कळतं ना तुम्हाला? घरात की कारखान्यात?"

"मुद्दामच कळू देत नाही, मावशी. कोणाची ओळख पटू नये म्हणून जागा पुसट करून ठेवतो. अर्धा किलोमीटरच्या वर्तुळात कुठेतरी, एवढंच दिसतं. तुमची गल्ली आणि कारखाना एकाच वर्तुळात येतात."

आत्यानं बशी खाली ठेवली. "म्हणजे आमची ओळख पटू नये म्हणून इतकं जपलंत, की आम्ही कोण हेच तुम्हाला कळलं नाही."

डॉक्टरणीची मान खाली गेली होती, पण ती उठून गेली नाही, हे मला आवडलं. मग ती म्हणाली की कामाचे तास हिशेबातून वगळता येतील. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिता येईल.

"उपलब्ध कशी नाही? मी रेघा दिल्यात ना फळ्यावरच्या?"

"ते लोकांनी स्वतः सांगितलेलं धरतात, मावशी. वजन कमी असतं त्याला."

"यंत्रानं सांगितलं तर माहिती, आणि बाईनं सांगितलं तर गप्पा?"

"मी तसं नाही म्हणत. नियम तसा आहे." मग तिनं आवाज खाली आणला. एक वाट होती. काही लोकांनी लेखी परवानगी दिली, तर त्यांच्या फोनची नेमकी जागा उघडता येईल. मग कागदावर दिसेल की दम लागणारी ही माणसं रोज साडेनऊ तास याच इमारतीत असतात, आणि कारखान्यात नसलेल्या शेजाऱ्यांना तसा दम लागत नाही. तेवढं झालं तर खात्याला आतली हवा तपासायला सांगता येतं. "पण त्यात तुमची नावं झाकली तरी उपयोग नाही. कारखाना एकच, माणसं थोडी. कोणी सह्या केल्या हे तुमच्या साहेबांना पाच मिनिटांत कळेल. मला हे तुम्हाला आधी सांगायलाच हवं."

"मावशी म्हणालात ना मला सारखं," आत्या म्हणाली, "मग मावशीचं ऐका. फॉर्म आणा."

बातमी आत पोचायला दोन दिवस लागले. मॅनेजर साहेबांनी फेऱ्या थांबवून सगळ्यांना दाबयंत्राजवळ बोलावलं. ते कधी ओरडत नाहीत. म्हणाले, चालण्याचा रस्ता होतोय ही चांगली गोष्ट आहे, कारखानाही त्याला बाक देणार आहे. मात्र कारखान्याच्या आतलं काही बाहेर नेणं नियमाविरुद्ध आहे, मग ती वस्तू असो की माहिती. कोणाच्या सह्याबिह्या चालू असतील तर त्यांनी विचार करावा. "अक्का, तुम्ही समजूतदार आहात."

"आतलं काही बाहेर नेत नाही साहेब," आत्या म्हणाली. "फाटकावर झडती होतेच की. छातीतलं तेवढं राहून जातं झाडायचं."

कोणी हसलं नाही. बटणवाली मला नंतर म्हणाली, की त्या वेळी तिला आत्याचा दंड धरून खाली बसवावंसं वाटलं होतं. "आणि मग मला वाटलं, हिला बसवून ठेवणारे कमी आहेत का."

सह्या रविवारी आमच्या खोलीत झाल्या. आतोबांनी छत्र्या पलंगाखाली सरकवून टेबल मोकळं केलं. माणसं एकेक करून जिना चढून येत होती, दारात धापा टाकत थांबत होती, आणि आतोबा प्रत्येकाला विचारत होते, "रंग पाहिलात का दुसऱ्या वळणावरचा?" फॉर्मवर एक चौकट होती: ओळख गुप्त ठेवावी, हो किंवा नाही. आत्यानं पहिला फॉर्म ओढला आणि 'नाही'वर इतकी जोरात खूण केली की कागद फाटला. मी दुसरा दिला. त्यावर तिनं पूर्ण नाव लिहिलं, बापाचं, नवऱ्याचं, आडनाव, आणि कंसात खण क्रमांक सदतीस.

एकशे बारापैकी एकतीस जण आले. आत्याला साठ तरी अपेक्षित होते. संध्याकाळी ती उरलेले कोरे फॉर्म मोजत बसली. पहारेकरी आला नव्हता. तो तर यात कामगारही धरला जात नव्हता, तरी ती त्याची वाट पाहत होती. "भितात," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "भिऊ देत. एकतीस माणसंही त्या कपाटात मावत नाहीत."

सोमवारी तिला यंत्रावरून काढून बाहेर अंगणात गठ्ठे उतरवायला लावलं. साहेब म्हणाले, "तुमच्या छातीला मोकळी हवा हवी ना." सव्वीस वर्षांची जागा गेली. गठ्ठे ओले आणि जड असत. ती घरी येऊन कंबर शेकत बसायची, आणि आतोबा काहीही विनोद करायचे नाहीत, यावरून मला सगळं कळायचं.

पक्का अहवाल आला त्यात बुटका खांब नव्हता. त्या जागी एक वाक्य होतं: "या वस्तीतील श्वसनाच्या तक्रारींचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही, संबंधित कारखान्यातील हवेची तपासणी आवश्यक आहे." चालण्याचा रस्ता मात्र कायम होता. मी आनंदानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

"अद्याप निश्चित नाही," आत्यानं माझ्यामागून म्हटलं. "कोणाला नाही?"

तपासणीचा दिवस कारखान्याला आठवडाभर आधी कळला होता. पुढचं मला बटणवालीनं सांगितलं, कारण आत्या स्वतःची गोष्ट सांगताना निम्मी गाळते.

त्या सकाळी जमीन धुतली होती. खिडक्या सगळ्या उघड्या. फेऱ्या मारणाऱ्या बायकांना बटणं कापायला बसवलं होतं, म्हणजे कोणी हलायला नको आणि काही उडायला नको. पिंजणयंत्राला वेगाचे तीन टप्पे आहेत. ते पहिल्या टप्प्यावर, झोपाळ्यासारखं, चालत होतं. खात्याचा तपासनीस मापनयंत्र घेऊन आला होता, डब्याएवढं, वर आकडे दिसणारं. त्यानं ते एका तिपाईवर ठेवलं आणि तो वहीत लिहायला लागला. डॉक्टरीण त्याच्याशेजारी उभी होती. आकडे ठीक होते. साहेबांनी चहा मागवला.

आत्या अंगणातून आत आली. हातात काही नव्हतं. सरळ यंत्रापाशी गेली.

"अक्का, तुमचं काम बाहेर आहे."

"माहीत आहे साहेब." ती तपासनिसाकडे वळली. "तुम्ही काय मोजताय?"

"हवा, बाई."

"ही आजची आहे. आम्हाला रोजची मोजून हवी." आणि तिनं खटका धरून वर ढकलला, एक, दोन, शेवटपर्यंत.

"हात लावायचा नाही यंत्राला!"

"सव्वीस वर्षं लावलाय."

यंत्र गरजलं. आधी काहीच झालं नाही, मग त्याच्या तोंडातून राखाडी मऊ लोंढा बाहेर पडायला लागला आणि उन्हाच्या पट्ट्यांत पीठ दिसलं. तिपाईवरचे आकडे बदलायला लागले. तपासनिसानं गळ्यातला मास्क नाकावर ओढला. साहेब खटक्याकडे निघाले होते, डॉक्टरीण मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "असू द्या. रोज असंच चालतं का, एवढंच मला हवंय."

आत्यानं खाली पडलेली चादर उचलली, माल गोळा केला, गाठ मारली आणि पाठीवर घेतली. निघताना तिनं तिपाईकडे बोट केलं.

"ते तिथे ठेवून काय कळणार? आम्ही काय तिपाईवर बसतो? ते उचला आणि माझ्याबरोबर चला."

तपासनिसानं डॉक्टरणीकडे पाहिलं. मग मापनयंत्र दोन्ही हातांत धरून तो आत्याच्या मागून चालायला लागला. यंत्रापासून दाबयंत्रापर्यंत, आणि परत. बटणं कापणाऱ्या बायकांमधून एक उठली, मग आणखी दोघी. त्यांनीही चादरी घेतल्या. बाकीच्या बसूनच होत्या, पण कात्र्या थांबल्या होत्या. फळ्यापाशी बटणवाली खडू घेऊन उभी राहिली आणि रेघा ओढायला लागली.

पाचव्या फेरीला तपासनीस मध्येच थांबला, भिंतीला टेकला आणि मास्कमधून मोठमोठे श्वास घ्यायला लागला. आत्या थांबली नाही. वळून म्हणाली, "आकडा वाचत राहा साहेब, अजून एकशे पाच आहेत."